चार दिवसांत शिळी झालेली माहिती आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडणारा लेख: फरक नेमका कुठे पडतो?

२८ जून २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारनं 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय काढला. अर्जाची मुदत १ ते १५ जुलै, वय २१ ते ६०, कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त जमीन नको, अधिवास प्रमाणपत्र हवं, अशा अटी त्यात होत्या. लगेच 'लाडकी बहीण योजना: संपूर्ण माहिती' अशा शीर्षकाचे लेख, व्हीडिओ आणि पोस्ट यांचा पाऊस पडला. ते वाचून तहसील कार्यालयांत आणि सेतू केंद्रांवर दाखल्यांसाठी रांगा लागल्या.

२ जुलै रोजी यातल्या अनेक अटी बदलल्या. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, वयोमर्यादा ६५ झाली, पाच एकरांची अट गेली. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला यांपैकी एक चालेल असं ठरलं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्यांना उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असंही सांगण्यात आलं.

म्हणजे 'संपूर्ण माहिती' जेमतेम चार दिवस टिकली. पण ती माहिती देणारी पानं चार दिवसांनी गेली नाहीत. कुणी ती दुरुस्त केली, कुणी तशीच सोडली आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर तर फिरतच राहिला. ज्या बाईला अधिवास प्रमाणपत्राची गरजच नव्हती, तिनं जुनी पोस्ट वाचून रोजंदारी बुडवली असेल, तर त्या चुकीची किंमत तिनं मोजली. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

इंटरनेटवर रोज प्रचंड मजकूर लिहिला जातो. त्यातला बहुतेक काही दिवसांत निरुपयोगी होतो. पण काही लेख दहा-पंधरा वर्षांनंतरही लोक शोधून वाचतात. हा फरक का पडतो? आणि एआय थेट उत्तरं देऊ लागल्यावर टिकाऊ लेखनाला काही अर्थ उरला आहे का?

इंटरनेटवर टाकलेलं कायम राहतं का?

'इंटरनेट काहीच विसरत नाही' असं म्हटलं जातं. लाजिरवाण्या फोटोबाबत ते खरं ठरू शकतं. उपयोगी माहितीबाबत मात्र अनुभव उलटा आहे.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं मे २०२४ मध्ये याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी, म्हणजे २०२३ मध्ये उघडत नव्हती. विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर संदर्भ म्हणून दिलेली किमान एक लिंक बंद पडलेली होती. बातम्यांच्या पानांत हे प्रमाण २३ टक्के, तर सरकारी पानांत २१ टक्के होतं. ट्विटरवरच्या जवळपास पाचातल्या एका पोस्टचं तर काही महिन्यांतच दिसेनासं होणं नोंदवलं गेलं.

याला इंग्रजीत 'लिंक रॉट' म्हणतात, म्हणजे लिंक कुजणं. वेबसाइट चालवणारा डोमेनचे पैसे भरायला विसरतो, कंपनी बंद पडते, संस्थेची वेबसाइट नव्यानं बांधली जाते आणि जुने पत्ते वाऱ्यावर सोडले जातात. कारण काहीही असो, वाचणाऱ्याच्या पदरात 'पान सापडलं नाही' एवढंच पडतं.

मोठ्या कंपन्यांचा आसरा घेतला तरी खात्री नसते. लाखो लोकांची घरगुती पानं असलेली जिओसिटीज ही सेवा याहूनं ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. भारतात एके काळी घराघरांत पोहोचलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. २९ जून २०२० रोजी भारत सरकारनं ५९ अॅप्सवर बंदी घातली आणि टिकटॉकवर प्रेक्षक जमवलेल्या लाखो भारतीयांचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. ट्विटरला देशी पर्याय म्हणून आलेलं आणि मराठीतही चालणारं 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद पडलं.

या यादीतला धडा सोपा आहे. दुसऱ्याच्या जागेत मांडलेलं दुकान कधी उचलावं लागेल, हे जागेचा मालक ठरवतो.

लांबलचक लिंक छोट्या करून देणाऱ्या सेवेतही हेच दिसलं. गूगलची 'गू डॉट जीएल' ही सेवा ऑगस्ट २०२५ पासून पूर्ण बंद होणार, असं कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. नंतर, वापरात असलेल्या लिंक चालू ठेवू, असं सांगत निर्णय मवाळ केला. पण त्या लिंक छापील पुस्तकांत आणि शोधनिबंधांत वापरून बसलेल्यांना कागदावरची लिंक बदलणं शक्यच नव्हतं.

पान राहिलं, पण मजकूर शिळा झाला तर?

नाहीसं झालेलं पान निदान फसवत तरी नाही. ते उघडत नाही, म्हणून माणूस दुसरीकडे शोधतो. जास्त धोका आहे तो नीट उघडणाऱ्या, नीटनेटक्या दिसणाऱ्या, पण कालबाह्य झालेल्या पानाचा.

१ जुलै २०२४ पासून भारतात भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम ३०२ होतं, ते १०३ झालं. फसवणुकीसाठी बोलीभाषेतही रुळलेलं '४२०' आता ३१८ मध्ये आहे. एफआयआर नोंदवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होती, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

आता 'पोलीस तक्रार घेत नसतील तर काय कराल?' असा २०१८ सालचा एखादा लेख घेऊ. त्यातले कलमांचे आकडे शिळे झाले आहेत. पण दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलेलं सूत्र आजही पायाभूत आहे. त्यातही नव्या कायद्यानं एक भर घातली आहे. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना मिळाली आहे.

एकाच लेखात तीन वेगवेगळ्या आयुष्याची माहिती आहे, हे इथे दिसतं. कलमाचा आकडा कायदा बदलला की जातो. अपवाद आणि अटी मधूनमधून बदलतात. मूळ तत्त्व मात्र दीर्घकाळ टिकतं. शिवाय १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंड कायदा लागू असल्यानं जुने आकडेही पूर्ण टाकाऊ झालेले नाहीत. फक्त ते कधीचे आहेत, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

प्राप्तिकराचंही तसंच. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर 'सात लाखांपर्यंत कर नाही' असे मथळे झळकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या करप्रणालीत ही मर्यादा १२ लाखांवर गेली. दोन्ही मथळे आपापल्या वेळी बरोबर होते. पण तारीख काढून टाकली की त्यातला पहिला मथळा चूक ठरतो.

मग भिंतीवरचं कॅलेंडर का फसवत नाही?

१९७३ पासून घराघरांत असलेलं 'कालनिर्णय' ३१ डिसेंबरला कालबाह्य होतं. तरी त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही. कारण वर्षाचा आकडा त्यावर ठळक छापलेला असतो. एक जानेवारीला जुनं उतरतं, नवं लागतं.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. १९७० मध्ये आलेलं हे पाककृतींचं पुस्तक अर्धशतकानंतरही मराठी घरांत वापरलं जातं. त्यातली मापं वाटी आणि चमच्याची आहेत, हे त्याच्या टिकण्याचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. घरात वजनकाटा असो की नसो, शेगडी असो की गॅस, वाटी असतेच. बदलणाऱ्या गोष्टींवर न विसंबता न बदलणाऱ्या गोष्टीला धरून लिहिल्याचा हा परिणाम.

म्हणजे चांगली माहिती दोन प्रकारची असू शकते. एक, आपली मुदत स्वतःच सांगणारी. दुसरी, मुदतीची गरज कमीत कमी पडेल अशी लिहिलेली. घोळ होतो तो या दोन्हींच्या मधल्या मजकुराचा. तो असतो कॅलेंडरासारखा, पण दाखवतो 'रुचिरा'सारखा असल्याचं. 'संपूर्ण माहिती', 'ए टू झेड मार्गदर्शन', 'ही एकच पोस्ट वाचा' अशी शीर्षकं देऊन तारीख मात्र कुठेच दिलेली नसते.

मराठी मजकुराची अडचण वेगळी आहे का?

इंग्रजी मजकुराला जे धोके आहेत ते मराठीला आहेतच. पण मराठीनं आणखी एक फटका सोसला आहे, तो फॉन्टचा.

१९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतरची काही वर्षं अनेक मराठी वेबसाइट आपापल्या खास फॉन्टमध्ये मजकूर टाकत. वाचायचं तर आधी तो फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. संगणकाच्या लेखी ती अक्षरं मराठी नव्हतीच. रोमन अक्षरांच्या संकेतांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. त्यामुळे सर्च इंजिनला त्यात मराठी शब्द सापडत नसे. आज अशी फाइल फॉन्टशिवाय उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. लेखकाचे शब्द कुठेही गेलेले नसतात, पण ते वाचता येत नाहीत.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होता. पण ती सर्वत्र रुळायला बराच काळ गेला. ज्यांनी आपला जुना मजकूर वेळीच युनिकोडमध्ये आणला, त्यांचा आजही शोधात सापडतो. ज्यांनी नाही आणला, त्यांचा मजकूर असून नसल्यासारखा.

आज याच चुकीची नवी आवृत्ती दिसते. मराठीत कष्टानं जमवलेली माहिती चित्राच्या स्वरूपात, म्हणजे रंगीत चौकटीत किंवा स्क्रीनशॉटवर टाकली जाते. ती भराभर शेअर होते, पण सहा महिन्यांनी शोधायला गेलं तर सापडत नाही. दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला तर अशा चित्रातला मजकूर अनेकदा वाचताच येत नाही. फेसबुक ग्रुप आणि व्हॉट्सअॅपमध्ये लिहिलेलं चांगलं मार्गदर्शनही त्या ग्रुपच्या भिंतीआडच राहतं.

याउलट १९९६ मध्ये सुरू झालेलं मायबोली हे संकेतस्थळ आजही चालू आहे आणि तिथलं अनेक वर्षांपूर्वीचं लेखन आजही वाचता येतं. वाईतून काम चाललेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याच्या नोंदी आता युनिकोडमध्ये ऑनलाइन आहेत, म्हणूनच मोबाइलवर शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सापडतात.

टिकणाऱ्या लेखात काय असतं?

यशाचं हमखास सूत्र कुणाकडे नाही. पण वर्षानुवर्षं वाचल्या जाणाऱ्या माहितीपर लेखांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिली, प्रश्नाची निवड. 'आज काय जाहीर झालं?' हा प्रश्न आठवडाभर जगतो. 'सातबारा कसा वाचायचा?' हा प्रश्न दर वर्षी नव्या माणसाला पडतो. अटी आणि आकडे यांच्या मागे 'हे असं का आहे' याचं उत्तर असेल, तर आकडा बदलल्यावरही लेखाचा अर्धा भाग कामाचा राहतो.

दुसरी, तारीख. लेख कधी लिहिला, शेवटचा कधी तपासला आणि काय बदललं, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. नुसती तारीख पुढे ढकलणं म्हणजे अपडेट नव्हे. मजकुरात फारसा बदल न करता पान ताजं भासावं म्हणून तारीख बदलत असाल तर ते चांगलं लक्षण नाही, असं खुद्द गूगलनं लेखकांसाठीच्या सूचनांत म्हटलं आहे. अमुक एवढे शब्द लिहिले की गूगल वर आणतं, हा समजही त्याच सूचनांत खोडून काढला आहे.

तिसरी, मूळ कागदाचा माग. या बाबतीत एक चांगला नमुना सरकारी कागदपत्रांतच आहे. महाराष्ट्र सरकारच्या शासन निर्णयाच्या सुरुवातीला 'वाचा' असा मथळा असतो आणि त्याखाली आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा दिलेल्या असतात. शेवटी त्या निर्णयाचा स्वतःचा संकेतांक असतो. त्यामुळे पाच वर्षांनंतरही कोणता निर्णय कशावर उभा आहे, हे शोधता येतं. 'शासनानं नुकताच निर्णय घेतला आहे' एवढंच लिहिणाऱ्या लेखाला हा माग नसतो. त्यातला 'नुकताच' हा शब्द तर दुसऱ्याच महिन्यात खोटा ठरतो.

चौथी, कायमचा पत्ता. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली एक छोटं टिपण लिहिलं होतं. चांगले वेबपत्ते बदलत नसतात, असा त्याचा आशय. पत्त्यात लेखकाचं नाव, विभाग, सॉफ्टवेअर अशा बदलणाऱ्या गोष्टी घालू नका, असं त्यांनी सांगितलं. ते टिपण आजही त्याच पत्त्यावर वाचता येतं.

पाचवी, जलद बदलणारा भाग वेगळा ठेवणं. रक्कम, मुदत, कागदपत्रांची यादी, अॅपचं नाव या गोष्टी एका चौकटीत, तारखेसह दिल्या तर पुढे तेवढीच चौकट बदलावी लागते. लाडकी बहीण योजनेत सुरुवातीला 'नारीशक्ती दूत' अॅपवरून अर्ज भरले जात होते, नंतर वेगळं संकेतस्थळ आलं. मुदतही ऑगस्टवरून सप्टेंबर आणि मग ऑक्टोबरपर्यंत गेली. हे तपशील परिच्छेदापरिच्छेदांत विखुरलेले असतील, तर दुरुस्त करणाऱ्याच्या नजरेतून एखादा निसटणारच.

जुने लेख काढून टाकले तर?

शिळ्या मजकुराचा धोका एवढा असेल तर तो काढूनच टाकावा, असं वाटू शकतं. सीनेट या अमेरिकी तंत्रज्ञान वेबसाइटनं तसं केलं होतं. सर्चमध्ये आपलं स्थान सुधारावं म्हणून तिनं हजारो जुने लेख काढल्याचं ऑगस्ट २०२३ मध्ये समोर आलं. लेख केवळ जुना आहे म्हणून काढल्यानं क्रमवारी सुधारत नाही, असं गूगलनं त्यानंतर स्पष्ट केलं. पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, एमटीव्ही न्यूजचं दोन दशकांहून जास्त काळाचं लेखन वेबवरून एकदम गायब झालं. तिथे काम केलेल्या पत्रकारांच्या कारकिर्दीचा पुरावाच त्याबरोबर गेला.

जुना लेख चुकीचा असतोच असं नाही. तो त्या काळाची नोंदही असतो. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना सर्वसामान्य निरोगी लोकांनी मास्क वापरावा असं सांगत नव्हती. ५ जून २०२० रोजी तिनं आपली भूमिका बदलली. त्याआधीचे लेख पुसून टाकले, तर जगाची समज कशी बदलत गेली हे कळणारच नाही. ते तसेच ठेवले, तर कुणी तरी ते आजचा सल्ला म्हणून वाचेल. यावरचा मार्ग साधा आहे. लेख ठेवायचा आणि वरच लिहायचं, 'हा लेख अमुक तारखेचा आहे, नवी माहिती इथे वाचा.'

एआयमुळे गणित बदललं का?

बदललं आहे. गूगलनं 'एआय ओव्हरव्ह्यू' म्हणजे शोधाच्या वरच दिसणारा तयार सारांश मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात आणला. प्यू रिसर्च सेंटरनं मार्च २०२५ मधल्या सुमारे ९०० अमेरिकी प्रौढांच्या ब्राउझिंगचा अभ्यास केला. सारांश दिसला तेव्हा नेहमीच्या लिंकवर क्लिक करण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के. सारांशातच दिलेल्या स्रोताच्या लिंकवर क्लिक झालं ते अवघ्या १ टक्का वेळा.

लेखकाच्या दृष्टीनं ही चिंतेची बाब आहे. माहिती त्याची, वाचक मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जाहिरातीच्या पैशावर चालणाऱ्या छोट्या वेबसाइटसाठी वाचक कमी होणं म्हणजे जुने लेख तपासायला माणूस न उरणं.

वाचकाच्या दृष्टीनंही प्रश्न आहेच. एआय उत्तर देतं ते कुणी तरी लिहिलेल्या मजकुरावरूनच. त्या मजकुरावर तारीख नसेल, तर २०२४ च्या जूनमधली अट आणि जुलैमधली अट एकाच उत्तरात मिसळण्याची शक्यता असते. मराठीत विश्वासार्ह मजकूर आधीच कमी असल्यानं एखाद्या शिळ्या पानाचं वजन इथे जास्त पडतं.

यातून एक विरोधाभास तयार होतो. सोपी, कुठेही मिळणारी माहिती लिहिण्याला आता फारसा अर्थ राहिलेला नाही, कारण ती एआय एका वाक्यात सांगतं. पण प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन, कागद पाहून, अनुभव घेऊन लिहिलेल्या आणि तपासत राहिलेल्या मजकुराची गरज आधीपेक्षा वाढली आहे. एआयलाही खरं सांगायचं तर तो मजकूर कुठे तरी असावा लागतो.

अपडेट करायचा खर्च कोण करणार?

खरी अडचण इथे आहे. नवा लेख टाकला की आकडे दिसतात, जुना दुरुस्त केला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. सोशल मीडियाचा अल्गोरिदम ताज्या पोस्टला उचलून धरतो, तीन वर्षांपूर्वीच्या पानातल्या दुरुस्तीला नाही. त्यामुळे एकाच योजनेवर दहा नवे लेख लिहिले जातात आणि आधीचे नऊ तसेच पडून राहतात.

विकिपीडियानं याचं एक उत्तर शोधलं. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह तिच्या सर्व आवृत्त्यांत एका विषयाला एकच पान असतं, ते कुणीही दुरुस्त करू शकतं आणि प्रत्येक बदलाचा इतिहास तारीखवार दिसतो. पण हे काम स्वयंसेवकांच्या बळावर चालतं आणि मराठीत असे हात इंग्रजीच्या तुलनेत फार थोडे आहेत.

एकट्यानं लिहिणाऱ्याला करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे कमी लिहिणं. शंभर लेख सांभाळता येत नसतील, तर वीस लिहून ते वर्षातून दोनदा तपासणं वाचकाच्या जास्त हिताचं ठरतं. हे जाहिरातीच्या गणितात बसत नाही, म्हणून फारसं घडत नाही.

सोशल मीडिया वापरणाऱ्यानं काय करावं?

मजकूर शिळा होण्यात वाचकाचाही वाटा असतो. लेख दुरुस्त होऊ शकतो, स्क्रीनशॉट होत नाही. मूळ पानावरचा मजकूर कॉपी करून ग्रुपवर टाकला, की तो तारखेपासून आणि स्रोतापासून तुटतो. नंतर लेखकानं चूक सुधारली तरी ती सुधारणा त्या कॉपीपर्यंत पोहोचत नाही. व्हॉट्सअॅप 'फॉरवर्डेड' असं दाखवतं, पण मूळ मजकूर कधी लिहिला गेला हे दाखवत नाही.

म्हणून काही सवयी उपयोगी पडतात.

• मजकूर कॉपी करण्याऐवजी लिंक पाठवावी. पाठवताना 'हे अमुक तारखेचं आहे' एवढं लिहावं.

• पैसे, दाखला, औषध किंवा कायदा यांच्याशी संबंध असलेल्या लेखावर तारीख नसेल, तर तो पुढे पाठवू नये.

• लेखात मूळ शासन निर्णय, परिपत्रक किंवा कायद्याचं नाव आहे का, ते पाहावं. असेल तर एकदा तरी उघडून बघावं.

• उपयोगी पान नाहीसं होण्याची भीती असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते जतन करता येतं. १९९६ पासून वेब पानं साठवणारी ही ना-नफा संस्था आहे. अर्थात तीही अभेद्य नाही. ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर तिची सेवा काही दिवस बंद होती. महत्त्वाच्या कागदाची प्रत स्वतःकडेही असलेली बरी.

• लेखात चूक दिसली तर लिहिणाऱ्याला कळवावं. अनेक जुने लेख केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून चुकीचे राहतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थ्यांना ई-केवायसी बंधनकारक करण्यात आली. दोन महिन्यांची मुदत देण्यात आली आणि ती पुढे वाढवलीही गेली. पुन्हा तेच घडलं. 'शेवटची तारीख' सांगणाऱ्या पोस्ट आल्या, तारीख बदलली आणि पोस्ट मागे राहिल्या.

पुढच्या वेळीही तारखा बदलतीलच. बदल थांबवणं लिहिणाऱ्याच्या हातात नाही. पण 'ही माहिती अमुक दिवशी तपासली आहे, बदल झाला का ते या ठिकाणी पाहा' अशी एक ओळ लिहिणं त्याच्या हातात आहे. त्या एका ओळीमुळे कुणाचा तरी तहसील कार्यालयातला एक हेलपाटा वाचू शकतो.